खळ्यावर वाळत घातलेलं बी

माझ्या सासूनं सासऱ्यांसाठी दिलेला एक निरोप मी मुद्दाम सांगितला नाही. विसरले नव्हते. शब्दानं शब्द पाठ होता. तो गिळला आणि वर तोंड पुसून कामाला लागले. मला वाटलं, आपण फार मोठी हुशारी करतो आहोत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या अकलेचा जेवढा भरवसा असतो तेवढा पुढे जन्मात कधी येत नाही. माझा तर त्याच वैशाखात संपला.

माझं माहेर घोडनदीकडचं, ज्वारीच्या मुलखातलं. मराठी तिसरीपर्यंत शिकले होते आणि हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगत असे. लग्न होऊन आले ती मावळात, मळवलीच्या स्टेशनापासून कोसभर आत, डोंगराच्या पोटातल्या वाडीत. इथे सगळं भात. आणि भाताच्या आधी राब. ज्या वाफ्यात रोप करायचं त्यावर शेण, वाळकी पानं, डहाळ्या, गवत असे थर घालायचे, वरून बारीक माती पसरायची आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तो वाफा पेटवून द्यायचा. म्हणजे माती भाजते, तण मरतं, रोप जोमानं येतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सगळ्यांच्या देखत हसले होते. म्हटलं, "आमच्याकडं जमीन नांगरत्यात, तुमी भाजून खाता व्हय?" कुणी हसलं नाही. मी मात्र आपल्या विनोदावर दोन दिवस खूश.

घरात आम्ही तिघंच. सासरे म्हणजे मामंजी, सासू म्हणजे आत्याबाई, आणि मी. माझे मालक लोणावळ्याला रेल्वेच्या यार्डात डबे जोडायच्या कामाला. ते रविवारी यायचे. मामंजी आणि आत्याबाईंच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. एका चुलीवर जेवत होते, एका बांधावर राबत होते, आणि सहा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

मी यायच्या आधी त्यांचा सगळा व्यवहार बैलामार्फत चाले. आत्याबाई गोठ्याच्या दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, "ढवळ्या, तुज्या धन्याला इचार, आंगुळ करनार हाय का पानी वतून देऊ?" मामंजी तिथेच दावं वळत बसलेले असायचे. तेही बैलाकडे बघून म्हणायचे, "ढवळ्या, आलोच म्हनावं." बैल रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायचा. माझं लग्न झालं आणि खरी सुटका झाली ती त्या बैलाची. कारण मग निरोप माझ्यावर आले.

"मामंजींना सांग, भाकर झाली."

मामंजी तीन हातांवर. तरी मी वळून सांगायची, "मामंजी, भाकर झाली म्हनत्यात."

"आलो म्हनावं."

"आत्याबाई, आले म्हनत्यात."

सुरुवातीला पदर तोंडात कोंबून हसू दाबायची. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर मी त्यात आपल्या पदरचं मीठ घालू लागले. आत्याबाईंनी नुसतं "जेवाया बसा म्हनावं" म्हटलं, की मी सांगायची, "मामंजी, गरम हाय तवर खावा म्हनत्यात, निवाल्याली तुमाला आवडत न्हाई ना." मामंजी चुलीकडे बघायचे. आत्याबाई माझ्याकडे बघायच्या. मी छपराकडे.

अबोला कशापायी, ते शेजारच्या काकूंनी मला पाणवठ्यावर सांगितलं. मानमोडीच्या तापाची साथ आली ते वर्ष. ऐन कापणीचे दिवस, गावात निम्मी माणसं अंथरुणाला खिळलेली, आणि पिकलेलं भात जागेवर झडत होतं. ह्यांना एक मुलगी होती, माझ्या मालकांच्या पाठची. बारा वर्षांची. माघात लग्न ठरलेलं. त्या सकाळी तिचं अंग तापलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "आज हिला नेऊ नगा." मामंजी म्हणाले, "भात झडाया लागलंय. चार पेंढ्या बांधून येतो." दिवस बुडेपर्यंत बापलेकींनी कापलं. चौथ्या दिवशी पोर गेली. त्या दिवसांत एकेका घरातून दोन-दोन तीन-तीन जात होते, कोण कुणासाठी रडणार. नंतर समाचाराला जो येई त्याला मामंजी एकच सांगत, "भात झडत हुतं." आत्याबाईंनाही तेच म्हणाले. त्यापलीकडे एक शब्द नाही. आत्याबाई थांबल्या, काही दिवस वाट पाहिली असेल त्यांनी, आणि मग बोलणं बंद केलं.

पोरीनं त्या दिवशी कापलेलं भात आत्याबाईंनी वेगळं झोडलं. ते कांडलं नाही. पुढच्या वर्षी खळ्याच्या खालच्या अंगाला जो लहान वाफा होता त्यात पेरलं, वेगळं लावलं, वेगळं कापलं. त्यातलं निवडून पुन्हा बी ठेवलं, शेणानं तोंड लिंपलेल्या मडक्यात. उरलेलं पोरीच्या दिवसाला शिजवून गावातल्या पोरींना वाढलं. असं दर वर्षी. घरातल्या कुणी त्यातला दाणा खाल्ला नाही. आणि मामंजी? त्या एका वाफ्याचा राब ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. शेण चाळून घालायचे, दगडाचा खडा राहू द्यायचे नाहीत. त्यावर दोघं बोलले नाहीत, बैलाजवळसुद्धा नाहीत. बी आत्याबाईंनी सांभाळायचं, राब मामंजींनी भाजायचा.

हे सगळं मला माहीत होतं. लिहून ठेवते, म्हणजे मला अजाण समजून कुणी सोडून देऊ नये.

दुसऱ्या वर्षाच्या वैशाखात माझ्या डोक्यात ती युक्ती आली. रविवारी मालकांना म्हटलं, "मी ह्या दोघांना बोलतं करते."

ते म्हणाले, "पडू नगंस त्यांच्यात. यार्डात मी दिसाला पन्नास डबे जोडतो. ह्या दोन डब्यांची कडी लावाया गेलो तवा बोटंच सापडली माजी."

"तुमाला यार्डातलं कळतं. घरातलं बायांना कळतं," मी म्हटलं. काय ती ऐट! तिसरीपर्यंत शिकलेली ना मी.

युक्ती अशी, की निरोप पोचवायचेच नाहीत. अडलं की आपोआप तोंड उघडतील. बैलाकडे जातील म्हणून मी ढवळ्याला दिवसभर रानात बांधायला लावलं, तेवढी माझी दूरदृष्टी. पहिल्या दिवशी आंघोळीचं पाणी तापल्याचं सांगितलं नाही. मामंजींनी वाट पाहिली आणि विहिरीवर जाऊन गार पाणी ओतून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते बाजाराला निघाले, आत्याबाईंनी मीठ आणायला सांगितलं, मी सांगितलं नाही. मीठ आलं नाही. दोन वेळा आम्ही तिघांनी अळणी आमटी खाल्ली. दोघंही मुकाट. शेवटी मलाच गिळेना, मीच उठून काकूंकडून मूठभर मीठ मागून आणलं. पण हार मानली तर मी कसली.

तिसऱ्या दिवशी पल्याडच्या वाडीतून बोलावणं आलं. एक बाळंतीण अडली होती. आत्याबाईंच्या हाताला गुण होता. घरचं अंगण नुकतंच सारवलेलं, ओलं, म्हणून त्यांनी मडक्याचं लिंपलेलं तोंड फोडून पोरीचं बी वरच्या खळ्यावर गोणपाटावर ऊन द्यायला पसरलं होतं. पेरायच्या आधी एक ऊन दाखवायचं असतं. खळ्याच्या खालच्या कडेला गेल्या सालच्या पेंढ्याची गंज उभी होती, तिच्याआड ते खालून दिसत नव्हतं. निघताना त्यांनी मला उंबऱ्यात धरलं.

"मामंजींना सांग, खळ्यावर तिचं बी वाळत घातलंय. म्या आल्याबिगर खालचा राब पेटवू नगा म्हनावं. काय सांगशील?"

मी घडाघडा म्हणून दाखवलं.

"इसरशील?"

"न्हाई वो आत्याबाई."

त्या गेल्या. थोड्या वेळानं मामंजी आले. तांब्याभर पाणी प्यायले.

"गेली व्हय?"

"व्हय."

"जाताना काय म्हनली का?"

बघा, त्यांनी विचारलं. हा माणूस रोज विचारायचा, मीच कधी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आता सापडले. हे राब पेटवणार, आत्याबाई येऊन बघणार, आणि आज काहीतरी ठिणगी पडणार. भांडतील तर भांडू देत. भांडण म्हणजेसुद्धा बोलणंच की! बी खळ्यावर, राब खाली, मधे कमरेएवढा बांध. बी कशाला जळतंय? आमच्या माहेरी आग म्हणजे चुलीतली, फुंकर मारल्याशिवाय न पेटणारी.

"काय न्हाई, मामंजी."

"राबाचं?"

"काय न्हाई बोलल्या."

ते "बरं" म्हणाले, आणि खापर पुढे केलं. निखारे त्यांना मीच काढून दिले. चांगले फुललेले बघून.

राब ते नेहमीसारखेच पेटवायला गेले, वाऱ्याच्या उलट अंगानं, म्हणजे आग सावकाश सरकत जाते आणि माती खोलवर भाजते. त्यात त्यांची चूक नव्हती. पण वैशाखात इकडे मावळात दुपार कलायला लागली की घाटाकडून वारं सुटतं, आणि त्या दिवशी ते जेवणाआधीच सुटलं. मी भाकरी थापत होते. नेहमीचा धूर निळसर असतो. बघते तर पिवळा, जाड, आणि खालून नाही, वरून येतोय.

धावले. बांधावरच्या वाळक्या गवतातून आग वर चढली होती आणि पेंढ्याची गंज पेटली होती. मामंजी ओल्या डहाळीनं कडेचं गवत झोडपत होते, घाईगडबड नव्हती त्यांच्यात. मला बघून ओरडले, "मागं सर! पेंढाच हाय, जाऊ दे जळून!"

मी म्हटलं, "बी!"

"काय?"

"आत्याबाईंनी बी वाळत घातलंय तितं! तिचं बी!"

त्यांच्या तोंडाकडे मी पाहिलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. डहाळी टाकली आणि गेले सरळ त्या धुरात. गोणपाट दोन्ही हातांनी ओढत बाहेर आले, ते कडेनं जळत होतं, ओढता ओढता फाटलं आणि दाणे वाटभर सांडले. आणि तडतड ऐकू यायला लागली. भात फुटत होतं. लाह्यांचा खमंग वास सुटला. सांगायला लाज वाटते, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाकी सगळं एक वेळ देव मला माफ करील, ते पाणी नाही करायचा.

आत्याबाई आल्या तेव्हा आग विझली होती. पल्याडची बाळंतीण सुटली होती, मूल राहिलं नव्हतं. पायवाटेवरूनच त्यांनी पाहिलं असणार. ओरडल्या नाहीत. घरात गेल्या, सूप घेऊन आल्या आणि राखेत बसल्या. मामंजी आधीच गुडघ्यांवर होते, भाजलेल्या बोटांनी राख चाळत. दोघं समोरासमोर. राख सुपात घ्यायची, पाखडायची, काळा दाणा टाकायचा, जरा पिवळा दिसला की बाजूला ठेवायचा. मीही बसले. मला कुणी हटकलं नाही, कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. दिवस पुष्कळ खाली गेला तेव्हा ओंजळभर दाणे झाले.

मग आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हात दावा."

हे मला म्हणाल्या नाहीत. बैल तिथे नव्हता. मामंजींना म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केले. तळव्यांची कातडी सुटली होती. आत्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं, आणि मी, मूर्ख शिरोमणी, त्या राखेत बसून मनात म्हटलं: जमलं! माझी युक्ती जमली.

मग त्यांनी विचारलं, "निरोप न्हाई पोचला तुमाला?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"पोचला हुता," ते म्हणाले. "ह्या पोरीनं सांगितलं हुतं. म्याच इसरलो. माजं चुकलं."

आत्याबाईंनी त्यांचं मनगट सोडलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड तर होतं मला, चांगलं तिसरी शिकलेलं. नाही उघडलं. माहेरी धाडतील, गावभर नाव होईल, मालक काय म्हणतील, असलं सगळं डोक्यात. मामंजी माझ्यासाठी खोटं का बोलले ते मी त्यांना कधी विचारू शकले नाही. पण त्या खोट्याचा अर्थ आत्याबाईंना काय लागला असेल, तो मला तिथल्या तिथे कळला. दुसऱ्यांदा. पोरीच्या वेळी सांगितलेलं ऐकलं नाही, आणि तिच्या बियाच्या वेळीही नाही.

ओंजळभर दाणे आत्याबाईंनी भिजवून ओल्या फडक्यात बांधले आणि चुलीच्या उबेला ठेवले. मोड आला तर पेरता येईल. रोज सकाळी त्या फडकं सोडायच्या. मामंजी दाराशी येऊन उभे राहायचे, हातांना लोणी आणि चिंध्या बांधलेल्या. फडकं बांधलं जायचं, मामंजी निघून जायचे. तिसरा दिवस, चौथा दिवस. मोड यायचा तो तोवर येतो. सहाव्या दिवशी दाण्यांना बुरशीचा वास आला तरी त्यांनी फडकं पुन्हा बांधून ठेवलं. नवव्या दिवशी ते चुलीजवळ नव्हतं. कुठे गेलं, मी विचारलं नाही.

त्या दिवसांत आत्याबाईंनी निरोप द्यायचंही बंद केलं. ताट वाढून ठेवायच्या आणि उठून जायच्या. मी आपण होऊन म्हणायची, "मामंजी, आत्याबाई जेवाया बोलवत्यात." ते म्हणायचे, "ती न्हाई बोलवत गं." आणि जेवायचे. ढवळ्याला मी गोठ्यात आणून बांधलं, अगदी दाराजवळ. आत्याबाई त्याला वैरण टाकायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, बोलायच्या नाहीत.

पाऊस झाला. बाकीच्या राबांत घरचं भात पेरलं, रोपं आली. खालचा वाफा मात्र तसाच. उत्तम भाजलेला, काळा, भुसभुशीत, आणि त्यात टाकायला काही नाही. शेजारच्यांनी विचारलं, "मोकळा का ठेवलाय? द्या आमाला, आमचं बी जास्त झालंय." मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आवणीची, रोपं उपटून लावायची घाई सुरू झाली, सगळं गाव पोटरीभर चिखलात वाकलेलं. एका सकाळी मी रोपांच्या जुड्या वाहून नेत होते तर मामंजी आवणीत नाहीत. बघते तर खालच्या वाफ्यात बसलेत, डोक्यावर इरलं, आणि खुरपं चालवतायत. रिकाम्या वाफ्यातलं गवत काढत होते. बोटं पुरती मिटत नव्हती, खुरपं दोन्ही हातांत धरून. रोप असतं तर जसं त्याला धक्का न लावता काढलं असतं, तसं सावकाश, ओळीनं.

जुड्या तिथेच टाकल्या आणि घरी आले. आत्याबाई ओट्यावर भाकरी बांधत होत्या. मी त्यांच्या पायांशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. गार पाणी, मीठ, निरोप, "काय न्हाई बोलल्या" म्हटलेलं, निखारे मी काढून दिलेले. लाह्यांचा वाससुद्धा. रडत नव्हते, रडायची मला लाज वाटत होती. म्हटलं, "आत्ता जाऊन मामंजींच्या म्होरं सांगते. त्यांची काय चूक न्हाई."

आत्याबाईंनी भाकरीवर कांदा ठेवला, फडक्याची गाठ मारली, ती एकदा ओढून बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

"मला त्याच दिशी कळलं हुतं. सा वर्सांत मला इचारल्याबिगर ह्या मानसानं इळ्याला धार लावली न्हाई, त्यो तिचा राब कसा पेटवंल? पर पोरी, 'माजं चुकलं' येवढं त्येंच्या तोंडून ऐकाया मी सा वर्सं बसले हुते. ऐकाया मिळालं त्ये माज्या लेकीचं न्हाई, तुज्या चुकीचं. आता मला ठाव हाय ह्ये त्येंना सांगाया जाऊ नगंस. खोटं असंना, त्येवढं माज्यापाशी ऱ्हाऊ दे."